कंदुरीतला डबा

शहागंजातल्या एका कापडाच्या दुकानात मी माझी उभी हयात काढली, आणि लग्नाचा बस्ता बांधण्यात माझा हात धरणारा माणूस त्या अख्ख्या बाजारात नव्हता. मी स्वतः सांगतोय म्हणून फुशारकी वाटेल, पण फुशारकी तर फुशारकी. सिल्लोडकडचं एखादं लग्नघर जीप भरून यायचं आणि गादीवर ठाण मांडायचं. नवरीच्या आईला जो रंग आवडायचा तो नवऱ्याच्या मावशीच्या डोळ्यांत खुपायचा, मामा बाहेर विडी ओढत "उरका की आता" म्हणून ओरडायचे. या सगळ्यांना दिवसभर खेळवायचं आणि शालू-शेल्यापासून मानपानाच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळा बस्ता आपल्याच दुकानातून बांधून द्यायचा. त्यात नियम एकच. विकणाऱ्यानं गादीवरून उठायचं नाही. विकणारा उठला की गिऱ्हाईक उठतं आणि समोरच्या दुकानात जाऊन बसतं.

आणि माझ्या पोटानं मला नेमकं तेवढंच करू द्यायचं नाही असं ठरवलं.

पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा. आधी कळ यायची, मग आव पडू लागली, मग रक्त. रोज इतक्या वेळा पळावं लागायचं की चप्पल घालायलाही सवड नसायची. ज्याला सांगावं तो म्हणायचा मूळव्याध. कुणी सुरणाचा कंद दिला, कुणी जडीबुटीवाल्याची पुडी दिली, एकानं गळ्यात ताईत घातला. मी सगळं केलं आणि वाळून खारीक झालो. शेवटी आमच्या शेठनीच मला रिक्षात घालून एका पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं. ती दुर्बीण कुठून घालतात हे मी गावाकडे कधीच सांगितलं नाही; तिथं मी नुसतं "पोटाचा फोटो काढला" एवढंच म्हणायचो.

डॉक्टर म्हणाले, "मोठ्या आतड्याला आतून व्रण झालेत. याला कोलायटिस म्हणतात. हा आजार मुळापासून जात नाही, पण दबून राहतो. गोळी सोडली नाहीत तर वर्षानुवर्षं दबून राहील."

"आणि खायचं काय?"

"ते ज्याचं त्यानं शोधायचं. एकाला जे सोसतं ते दुसऱ्याला सोसत नाही. सध्या मऊ, साधं खा. बरं वाटलं की एकेक जिन्नस चाखून बघा. पण जेवण सांभाळलं म्हणून गोळी सुटत नाही, हे ध्यानात ठेवा."

चार दिवसांनी माझी माय आली. आमचं गाव लासूर स्टेशनच्या अलीकडं, कोरडवाहू शेती, वडील मी लहान असतानाच गेलेले, शेत चुलते बघायचे. माय हातात पिशवी आणि काखेत गाठोडं घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली, मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "कामून सांगितलं नाय रं?" मग रडली नाही की काही नाही, सरळ स्टो पेटवायला बसली.

आता माझी माय म्हणजे काय चीज हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या गावात तिखट खाणारी बाई म्हणून तिचं नाव होतं. तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ तेलात परतून ती तांब्याच्या बुडानं रगडायची. तो ठेचा भाकरीवर घेतला की तिला कालवण लागायचं नाही. तिच्या हातचा काळा मसाला न्यायला लोक चार गावांवरून यायचे. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर तिला वाटायचं, आपला स्वैपाक फसला. आणि भात? भात आमच्याकडे सणाला नाही तर आजाऱ्याला. अशा बाईनं माझ्यासाठी पेज करायला घेतली.

गोळ्यांच्या बाबतीत माझी पहिली फजिती चेहऱ्यानं केली. सुरुवातीला डॉक्टरांनी आग विझवायला एक जोरदार गोळी दिली होती, हळूहळू कमी करत बंद करायची. तिनं रक्त थांबलं, पण तोंड सुजून पुरणपोळीसारखं गोल झालं. सणाला गावी गेलो तर सगळे खूश. "शहर मानवलं पोराला!" आयुष्यात मी सगळ्यात जास्त आजारी होतो आणि लोक माझे गाल ओढून कौतुक करत होते. पुढं ती गोळी बंद झाली, मी खरोखर बरा झालो, तोंड होतं तसं झालं, तर तेच लोक म्हणाले, "वाळलं बिचारं." तेव्हापासून लोकांच्या नजरेवर तब्येत ठरवायची नाही हे मी शिकलो.

मग राहिली ती रोजची पिवळी गोळी. जेवणावर घ्यायची, भरपूर पाणी प्यायचं. लघवीसुद्धा पिवळीजर्द व्हायची. पहिल्यांदा बघून मी घाबरून डॉक्टरांकडे पळालो होतो. या गोळीचा घात असा की बरं वाटायला लागलं की माणूस ती सोडतो. दवाखान्याच्या बाकड्यावर माझ्याशेजारी बसलेले किती जण तरी असे सोडून परत आलेले. मी सोडली नाही. मी काही मोठा शहाणा होतो अशातला भाग नाही. माय जेवणानंतर माझ्या तोंडाकडे बघत बसायची आणि घोट गिळल्याशिवाय ताट उचलायची नाही.

खाण्याचं मात्र आम्ही दोघांनी मिळून शोधलं. तिची रीत अशी की एका वेळी एकच नवा जिन्नस, आणि तोही सोमवारीच, म्हणजे काही बिघडलं तर आठवड्याभरात कळतं. एका सोमवारी दुधी, सोलून, बिया काढून. तो सोसला. पुढं दोडका, तोही सोसला. मेथीनं दोन दिवस छळलं, ती गेली. वांगं गेलं. तूरडाळ जड पडली, मूगडाळ राहिली. दूध नको, ताक चालेल. भाकरीनं आम्हाला फार वाट बघायला लावली. तिनं ज्वारीचं पीठ दोनदा वस्त्रगाळ केलं, पातळ भाकरी थापली आणि वरचा पापुद्रा तेवढा सोलून मला दिला, खालचा कडक भाग स्वतः घेतला. तो पापुद्रा मी ताकात कुस्करून खाल्ला आणि पोट गप्प राहिलं, त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटले. लोकांना वाटलं माझं लग्न ठरलं.

मिरची मात्र कधीच परत आली नाही. चिमूटभर चटणीसुद्धा दुसऱ्या दिवशी मला आडवं करायची. पुढची पाच-सहा वर्षं माय माझ्या खोलीवरच राहिली आणि माझ्याच ताटातलं जेवली. मी म्हणायचो, "माय, तुझ्यापुरता तरी ठेचा कर." ती म्हणायची, "दोघांच्या पोटाला दोन दोन स्वैपाक कोण करील? उगं गिळ." मला वाटायचं, कंटाळा करते.

इकडं दुकानात मी पोटावर तोड काढली होती. शेठचं गोदाम वरच्या मजल्यावर आणि संडास गोदामाच्या मागं. कळ आली की मी गिऱ्हाइकापुढचा शालू हळूच मिटायचो, मान पुढं करायचो आणि म्हणायचो, "हा माल सगळ्यांसाठी आहे. तुमच्यासाठी वरचा काढतो. पण बसून राहायचं हां, कुणाला सांगायचं नाही." आणि जिना चढायचो. येताना हाताला लागेल ती चांगली साडी घेऊन यायचो. इतका वेळ लावून आणलेली साडी म्हटल्यावर बायका ती हातातून सोडायच्या नाहीत. शेठना सगळं माहीत होतं. ते एकदा गल्ल्यावरून हसत म्हणाले, "तुमच्या पोटानं माझं गोदाम रिकामं केलं." विकणारा उठला की गिऱ्हाईक उठतं, हा बाजाराचा नियम मी मोडला. पुढं पोट दबून गेलं, उठायची गरज उरली नाही, तरी एका बस्त्याला एकदा तरी मी सवयीनं वर जायचोच.

शेठना सगळं ठाऊक, पण गावात कुणाला कळू द्यायचं नाही, असा चुलत्यांचा दंडक होता. त्यांचा माझ्यावर जीव होता, पण त्यांचा हिशेब वेगळा. "पोटाचा रोगी म्हणून बोभाटा झाला तर पोरगी कोण देईल?" त्यामुळे गावी गेलो की मी "उपास आहे" म्हणायचो, आणि माय जेवणानंतर जवळ येऊन दबक्या आवाजात विचारायची, "घेतली का?" मी गोठ्यामागं जाऊन, चोरून विडी ओढावी तशी गोळी गिळायचो. त्याची मला चीड यायची. दुकानात मी चार माणसांत मिरवणारा माणूस, आणि आपल्याच गावात चोर.

आणि अशात मायचा नवस निघाला.

मी आजारी असल्याचं कळल्यावर स्टेशनकडे येताना ती गावाबाहेरच्या पीराच्या दर्ग्यापाशी थांबली होती. "माझं लेकरू बरं होऊन माणसांत बसून जेवलं तर कंदुरी करीन," असं बोलली होती. आमच्याकडे हिंदू शेतकऱ्याच्या घरचा नवससुद्धा पीराला असतो, त्यात कुणाला नवल वाटत नाही. बकरं द्यायचं, मुलाण्यानं ते कापायचं, तिथंच दगडांच्या चुलीवर शिजवायचं, दर्ग्याच्या मुजावरानं निवदावर फातिया म्हणायचा आणि गावाला पंगत घालायची. मी बरा होऊन दोन वर्षं झाली तरी मी टाळत होतो. कारण रीत अशी की ज्याच्या नावाचा नवस, त्यानं निवदातला पहिला घास घ्यायचा. आणि तो निवद म्हणजे आमच्या गावचा रस्सा, वर बोटभर लाल तवंग.

माय ऐकेना. तिचं म्हणणं, नवस फेडला नाही तर आजार उलटेल. माझं म्हणणं, तो घास खाल्ला तर आजार उलटेल. दोघांनाही भीती एकाच गोष्टीची आणि दोघंही एकमेकांना वेड्यात काढत होतो. घरात बोलणं बंद झालं.

शेवटी चुलतेच शहरात आले. खोलीत मांडी घालून बसले आणि म्हणाले, "पोलीस ॲक्शनच्या साली घरात दाणा नव्हता, तवाबी ह्या घरानं पीराची कंदुरी चुकवली नाय. आन् तू नोकरीवाला माणूस मागं सरतो व्हय? दिवस धरलाय. पोरीवाले दोन घरबी बोलावलेत. तू पंगतीत बसून दोन वाट्या रस्सा प्यायचा. लोकांनी बघितलं की पोरगं ठणठणीत हाये, की मिटलं."

"आणि दुसऱ्या दिवशी रक्त पडलं तर?"

"एका घासानं काय व्हतंय?"

मला राग असा आला की त्यांना जिन्यावरून उतरवून द्यावं. पण मायकडे बघितलं तर ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली मान घालून बसलेली. मी म्हणालो, "येतो." एवढंच म्हणालो.

कंदुरीच्या दिवशी सकाळी मी स्वतः स्टो पेटवला. मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी, वर चमचाभर तूप. माझा तीन पुडांचा दुकानातला डबा भरला आणि पिशवीत घातला. माय आदल्या दिवशीच मसाला करायला गावी गेली होती. गाडीत बसलो तेव्हा एक ठरवलं होतं, की हे पोट मी आणि मायनं मिळून ताळ्यावर आणलंय, ते मी चार माणसांच्या समाधानासाठी उधळणार नाही.

दर्ग्यापुढच्या लिंबाखाली पातेलं रटरटत होतं. खाटांवर गावातली मोठी माणसं, पलीकडे पोरीवाले, धोतराचे सोगे सावरत मला न्याहाळत होते. चुलत्यांनी डोक्याला फेटा बांधला होता. मुजावर म्हातारे, हिरवा रुमाल गळ्यात, निवदाची ताटं ओळीनं मांडत होते. मटणाचं ताट, भाकऱ्यांची चवड, मलिद्याची परात. मी पुढं गेलो, पिशवीतून डबा काढला, तिन्ही पूड सोडले आणि त्या ओळीत मांडून ठेवले.

चुलते तरातरा आले. "हे काय?"

"माझं जेवण."

"उचल ते. लोकं बघायलेत."

"बघू द्या काका. मला पोटाचा आजार आहे. मूळव्याध नाही, उपास नाही, काही नाही. आतड्याला व्रण होते, रक्त जायचं. रोज गोळी घेतो आणि हे खातो म्हणून बरा आहे. तिखटाचा घास मी घेणार नाही."

हे मी खाटांवरच्या लोकांना ऐकू जाईल असं बोललो. दुकानात दोन खोल्यांपलीकडच्या गिऱ्हाइकाला हाक मारायची सवय असलेला आवाज, तो पार रस्त्यापर्यंत गेला असणार. चुलत्यांचं तोंड उतरलं. त्यांनी मायकडे बघितलं. "वैनी, नवस तुमचा. आता तुम्हीच सांगा. हे असलं आजाऱ्याचं जेवण पीराला चालतंय का?"

माय दर्ग्याच्या पायरीशी बसली होती. मला वाटलं, आता ही रडणार, आणि मग माझं काही खरं नाही. ती उठली. माझ्या डब्यापाशी आली, वाकली आणि दुधीच्या फोडी नीट सोलल्यात का ते बघितलं. मग चुलत्यांना म्हणाली, "पीरानं माझं लेकरू बरं केलं ते ह्याच भातावर केलं. त्याच्या दारात हा भात नाय चालला, तर मग कुठं चालंल?"

मुजावरांनी माझा डबा ओळीतून थोडा पुढं, मटणाच्या ताटाच्या बरोबरीला सरकवला आणि फातिया म्हणायला सुरुवात केली. आयुष्यात मला पुष्कळ बक्षिसं मिळाली, शेठनी घड्याळ दिलं, दिवाळीला बोनस दिला. पण दुधीच्या भाजीवर फातिया झालेला माणूस मी एकटाच, आणि याचा मला आजही गर्व आहे.

फातिया झाल्यावर मी माझ्या डब्यातला पहिला घास घेतला. मग मुजावरांनी द्रोणात रस्सा आणि मटणाचा तुकडा घातला, भाकरीचा चतकोर दिला आणि तो द्रोण मायपुढं धरला. म्हणाले, "लो अम्मा. बेटा माणसांत बसून जेवला. आता तुमचं सुटलं."

मी विचारलं, "काय सुटलं?"

मुजावरांना नवल वाटलं. "तुला म्हाईत नाय? नवस बोलली तवा तुझ्या आईनं माझ्यासमोर तिखट सोडलं. तू बरा होऊन इथं जेवशील तोवर मिरचीला तोंड लावायचं नाय म्हणून."

मी मायकडे बघतच राहिलो. दोन स्वैपाक कोण करील म्हणणारी ही बाई. गावात जिचं तिखटासाठी नाव होतं ती, इतकी वर्षं माझ्या खोलीत बसून बिनमिरचीचा दुधी गिळत होती, आणि मी कंदुरी टाळत होतो म्हणजे तिचा ठेचा अडवून बसलो होतो. एका शब्दानं बोलली नाही. भांडली तेव्हासुद्धा ते सोडून सगळं बोलली.

"घे ना माय," मी म्हणालो.

तिनं भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला, डोळे मिटले आणि तोंडात घातला. आणि पुढच्या क्षणी असा ठसका लागला की दोन बायका धावल्या. नाकाडोळ्यांतून पाणी, तोंड लाल. पाणी प्यायली, जीभ बाहेर काढून वारा घेतला आणि चुलीजवळच्या आचाऱ्यावर ओरडली, "मेल्या, किती तिखट केलंय रं! माणसं मारतो का?"

आचारी हात जोडून म्हणाला, "वैनी, मसाला तुमच्याच हातचा हाये. कालच तर कांडला तुम्ही. मी वरून चिमूटसुद्धा घातली नाय."

खाटांवरचे सगळे हसले. चुलतेही हसले, फेटा काढून डोळे पुसत हसले. मायनं द्रोणाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, मग द्रोण मुजावरांच्या हातात परत दिला. माझ्याशेजारी मांडी घालून बसली आणि माझ्या डब्यातला भात स्वतःकडे ओढला. वरण कालवून एक घास घेतला, चावला आणि म्हणाली, "मीठ कमी हाये."

त्या दोन पोरीवाल्यांपैकी एकही पुन्हा आला नाही. लग्न माझं पुढं झालं, ज्यांच्याकडं झालं त्यांना डबा आधी दाखवला, मग चेहरा. गोळी अजून चालू आहे. डॉक्टर बदलले, गोळीचा रंग बदलला, दर काही वर्षांनी दुर्बीण होते. आज कुणी मला विचारलं की आयुष्यात काय कमावलं, तर बस्त्यांची गोष्ट मी सांगतो खरी, पण मनात पहिल्यांदा येते ती ही पंगत.

त्या दिवशी पंगत उठायला लागली, लोक हात धुवायला निघाले. मी सवयीनं डब्याचं झाकण लावून जागेवरून उठलो आणि घरी गोठ्यामागं वळायचे तसे पाय आपोआप दर्ग्यामागच्या आडोशाकडं वळले. तेवढ्यात मागून मायचा आवाज आला. दबका नाही, शेतातून हाक मारावी तसा, खाटा, चुली, पोरीवाले, सगळ्यांच्या डोक्यावरून.

"गोळी घेतली का रं?"

मी तिथंच थांबलो, खिशातून पाकीट काढलं आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकली. चुलत्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.